उसण भरलेल्या कमरेच्या मापाने

माप देताना माणसाने खोटं बोलू नये, हे लोक शिंप्याकडे शिकतात. मी ते गोल्फपायी शिकलो.

वास्तविक माझा आणि गोल्फचा काडीचा संबंध नव्हता. मी पनवेलच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो, नवीन पनवेलमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो, आणि मैदानी खेळांपैकी मला फक्त भाजीच्या पिशव्या वाहणं जमतं. पण माझा मेहुणा प्रमोद बिल्डर आहे. बिल्डर झालेल्या माणसाला काही गोष्टी ठरावीक क्रमाने होतात. आधी पांढरी गाडी, मग पांढरे बूट, मग गोल्फ. (मधुमेह मध्येच कधीतरी होतो, त्याला क्रम नाही.)

एका रविवारी प्रमोद घरी आला आणि सोफ्यावर धपकन बसला.

"भाऊजी, अडचण आहे. खाडीलगतच्या आपल्या प्रोजेक्टमध्ये सरदेसाई साहेब भागीदार म्हणून यायला हवेत. पण हा माणूस ऑफिसात बोलतच नाही! जे काय बोलायचं ते गोल्फ खेळताना. पुढच्या महिन्यात घाटावर एका क्लबात बोलावलंय. दोन-दोनच्या जोड्या आहेत. ते, मी, आमचा आर्किटेक्ट... आणि चौथा मिळत नाहीये."

मी म्हणायला हवं होतं, 'अरेरे.' तेवढ्यावर हा लेख संपला असता. पण स्वयंपाकघरातून सुनंदा, म्हणजे माझी बायको आणि त्याची सख्खी बहीण, हसली.

"यांना विचारतोस? अरे, यांनी कॅरम खेळताना स्ट्रायकर शेजारच्यांच्या आमटीत टाकला होता!"

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट! आणि आमटी झाकून ठेवायची असते! मी ताडकन उठलो.

"गोल्फमध्ये आहे काय? प्रक्षेप्य गती! पंचेचाळीस अंशात मारला की चेंडू सर्वांत लांब जातो. मी दरवर्षी दीडशे पोरांना शिकवतो."

"म्हणजे तुम्ही खेळलायत?" प्रमोदचे डोळे चमकले.

"थोडंफार," मी म्हणालो. (फळ्यावर.)

प्रमोद असा खूश झाला की त्याने जागच्या जागी माझ्यासाठी मापाच्या काठ्या करून घ्यायचं ठरवलं. दुकानातल्या तयार काठ्या साहेबांसमोर शोभत नाहीत म्हणे. काठ्यांची मापं घ्यायला मुंबईहून खास माणूस येणार होता, त्याला फिटर म्हणतात. मला आजवर फक्त नळाचा फिटर ठाऊक होता. तोही बोलावल्यावर येत नाही. हा मात्र शनिवारी सकाळी दहाला, प्रमोदच्या गच्चीवर हजर राहणार होता.

शनिवारी सकाळी आठ वाजता मला वाटलं, जाण्याआधी जरा सराव करावा. हॉलमध्ये फरशी पुसायचा मॉप होता. मी पाय फाकवले, मॉप खांद्यामागे नेला, मनातल्या मनात पंचेचाळीस अंश धरले आणि फिरवला.

कट्!

मला वाटलं मॉप मोडला. मॉप ठणठणीत होता. कमरेत उसण भरली होती. मी डावीकडे असा कललो होतो, जसा वादळानंतर विजेचा खांब कलतो, आणि तसाच राहिलो.

"फोन करून सांगा, येता येत नाही," मलम चोळता चोळता सुनंदा म्हणाली.

"शक्य नाही. तुझा भाऊ काय म्हणेल?"

"म्हणेल, भाऊजींच्या कमरेत उसण भरली."

"तेच!" मी ओरडलो. "मॉपने!"

तर अशा अवस्थेत मी गच्चीवर गेलो. तिथे जाळी बांधलेली, मशीन लावलेलं, लॅपटॉप उघडलेला. फिटर हा अत्यंत गंभीर आणि नम्र गृहस्थ होता. त्याने मला उभं केलं, मागे जाऊन पाहिलं, पुढे येऊन पाहिलं, आणि चष्मा पुसला.

"सर, उभं राहायचा हा तुमचा नेहमीचा स्टान्स आहे?"

शेजारी प्रमोद उभा होता. 'नाही हो, लचक भरलीय,' हे एवढं वाक्य. कॉलेजात मी दिवसाला चार हजार वाक्यं बोलतो. ते एक निघालं नाही.

"हो," मी म्हणालो. "माझी शैली आहे ती."

"युनिक आहे, सर," तो म्हणाला आणि लिहायला लागला.

त्याने मनगटापासून जमिनीपर्यंत माप घेतलं. मी वाकलेला असल्याने माझे हात जवळजवळ गुडघ्याशी होते, त्यामुळे काठी आखूड लिहिली. मग एक फटका मारायला सांगितलं. मी देवाचं नाव घेऊन काठी जेमतेम हलवली. मशीनने आकडा दाखवला, फिटरने तो दोनदा तपासला.

"वेग फार कमी आहे, सर. दांडा सर्वांत मऊ घेऊ. सीनियर लोकांसाठी येतो तो. आणि तुम्ही डावीकडे झुकता म्हणून काठीचं डोकंही त्या हिशेबाने वाकवून घ्यावं लागेल."

"अर्थात," मी म्हणालो. "मी सांगणारच होतो."

महिन्याभराने काठ्या आल्या तेव्हा आमची निघायची वेळ दोन दिवसांवर होती. कंबर केव्हाच बरी झाली होती आणि मी ते सगळं प्रकरण विसरूनही गेलो होतो. सुनंदाने काठ्यांना हळदकुंकू वाहिलं. मी त्या भपकेदार पिशवीतून काढल्यासुद्धा नाहीत. नवीन वस्तू वापरून खराब का करा?

ठरल्या दिवशी पहाटे प्रमोदच्या गाडीत पुढच्या सीटवर आप्पा बसलेले! आप्पा म्हणजे माझे सासरे. पळस्प्याजवळच्या गावात राहतात. वय पंचाहत्तर. उभा जन्म भातशेतीत आणि मिठागरात गेला. भाताची लावणी करून करून पाठ कायमची वाकली, पण हात अजून दोरखंडासारखे आहेत.

"आप्पा, तुम्ही?"

"यो परम्या सांगतो, तितं शंभर एकरांत चार मानसां चेंडू मारतान. म्हटलं, मना बघाचाय. येवरी जमीन आनि पीक काय?"

क्लबाच्या दारावरच अडवणूक झाली. टाय लावलेले व्यवस्थापक आप्पांच्या लेंग्याकडे बघून म्हणाले, "सॉरी, इथे लेंगा चालत नाही. नियम आहे."

आप्पांनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "मातीन राबाला लेंगा चालतो, आनि गवतान खेलाला नाय?"

शेवटी प्रमोदने आपली जादा पँट दिली. आप्पांनी ती घातली, आणि सवयीने गुडघ्यापर्यंत दुमडून घेतली. नियमात दुमडण्याबद्दल काही नव्हतं.

मैदान बघून मात्र त्यांचा जीव हळहळला. वाकून त्यांनी चिमूटभर माती बोटांत चुरली. "येवरी झकास जमीन! पानी हाय, उतार हाय. नि नुस्ता गवत लावलाय. नि ता पन गुरांना घालत नाय!"

सरदेसाई साहेब उंच, गोरे आणि कमी बोलणारे निघाले. ते माझ्या जोडीला होते. "प्रोफेसर, ऐकलंय की तुमची स्वतःची शैली आहे," ते म्हणाले. "बघू या. आज मला जिंकायचंय."

मी झोकात पुढे झालो. पिशवीतून काठी काढली, ताठ उभा राहिलो... आणि काठी जमिनीला टेकेचना! चेंडू खाली, मी वर, आणि मध्ये वीतभर मोकळी हवा. मला वाटलं उतार असेल. मी गुडघे वाकवले आणि जोरात फिरवली.

चेंडू जागच्या जागी होता. हवेत मात्र हिरवळीचा एक तुकडा गेला. चांगला मोठा, तुळस लावता येईल एवढा! तो आर्किटेक्टच्या टोपीवर विसावला.

"सराव होता," मी म्हणालो.

दुसऱ्यांदा चेंडूला काठी लागली. पण डोकं वाकवून घेतलेलं असल्याने चेंडू नव्वद अंशात डावीकडे सुटला, बॅटरीच्या गाडीच्या खांबावर आपटला आणि साहेबांच्या कानाजवळून परत आला. साहेब जमिनीवर बसले. त्या वयाच्या आणि त्या हुद्द्याच्या माणसाला इतकं चपळ बसताना मी प्रथमच पाहिलं.

"भाऊजी!" प्रमोद दात न उघडता बोलला. "शैली! तुमची ती शैली कुठाय?"

आणि लख्ख प्रकाश पडला. काठ्या माझ्या मापाच्या नव्हत्या. काठ्या माझ्या उसणीच्या मापाच्या होत्या!

सगळ्यांसमोर कबूल करायची ही दुसरी उत्तम संधी होती. पण शास्त्रज्ञ माणूस हार मानत नाही. मी विचार केला, काठी बदलता येत नसेल तर माणूस बदलावा. मी मुद्दाम डावीकडे वाकलो, हात गुडघ्याशी नेले, आठवून आठवून अगदी त्या शनिवारसारखा उभा राहिलो. काय सांगू, काठी तंतोतंत बसली! फिटर खरोखरच हुशार होता. मी आनंदाने काठी मागे नेली...

कट्!

आता मी मापात होतो, पण हलता येत नव्हतं.

"हे किती वेळ असेच राहणार?" साहेबांनी प्रमोदला विचारलं. (मला विचारण्यात अर्थ नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.) "चौथा नसेल तर खेळ बंद. मी मुंबईला निघतो."

प्रमोदचा चेहरा पडला. वर्षभराची मेहनत त्या हिरवळीवर आडवी झाली होती, आणि तिच्या शेजारी मी, अर्धा आडवा. प्रथमच मला स्वतःची खरी लाज वाटली. पोराने विश्वासाने मला आणलं होतं आणि मी त्याला एका मॉपपायी बुडवत होतो.

"प्रमोद," मी मान वळवता येत नव्हती म्हणून गवताकडे बघत म्हणालो, "मी आयुष्यात कधीच खेळलो नाही रे. माप दिलं त्या दिवशीही उसण भरली होती."

आप्पा पुढे आले. त्यांनी माझ्या हातातून काठी सोडवून घेतली.

"आन बगू."

ते चेंडूपाशी उभे राहिले. लावणीने वाकलेली पाठ, गुडघ्यापाशी पोचणारे हात, डावीकडे किंचित कल. आखूड काठी त्यांच्या हातात अशी बसली, जणू फिटरने माप त्यांचंच घेतलं होतं. त्यांनी घाई केली नाही. भात झोडताना पेंढी मागे नेतात तशी काठी मागे नेली, क्षणभर थांबले, आणि आणली.

ठॉक.

चेंडू सरळ गेला. जात राहिला. आम्ही सगळे बघत राहिलो. (मी सोडून. मी आवाजावरून अंदाज केला.)

"कुठे खेळता हो तुम्ही?" सरदेसाई साहेबांचा आवाज बदलला होता.

"खेलाला येल कुटं होता? भात झोडलाय. लहान हुतो तवा इटीदांडू."

पुढचे दोन तास साहेब आणि आप्पा पुढे, प्रमोद आणि आर्किटेक्ट मागे. पावलं टाकता येऊ लागली तशी आप्पांसाठी काठ्यांची पिशवी मी उचलली. एवढं तरी करणं भागच होतं. शिवाय मी डावीकडे कललो होतो, आणि वजन उजव्या खांद्यावर घेतलं की जरा सरळ होत होतो. आयुष्यात पदार्थविज्ञानाचा मला झालेला हा पहिला प्रत्यक्ष उपयोग!

सातव्या खड्ड्याशी साहेबांनी सहज विचारलं, "आप्पा, ती खाडीलगतची जागा कशी आहे हो?"

प्रमोदने आप्पांना डोळ्यांनी खुणावलं, हातांनी खुणावलं, शेवटी खोकला काढला. आप्पांनी चेंडूवरची नजर हलवली नाही.

"तितं उधानाचा पानी भरतां. आमी मीठ पिकवलाय तितं, म्हनून सांगतो. बिल्डिंग बांधाल त मानसां पान्यान. गावाचे वरचे अंगाला आमचा माल हाय, उंचावरची जमीन, ता कोरडा. तितं बांधा."

ठॉक.

प्रमोद मटकन खाली बसला. साहेब मात्र मोठ्याने हसले. "वर्षभर मला चार्ट दाखवताय, प्रमोद! खरं सांगणारा माणूस घरीच ठेवला होता काय?" मग ते आप्पांकडे वळले. "वरच्या जागेचं बोलू. पण एक अट आहे. दर महिन्याला तुम्ही माझ्या जोडीला खेळायचं."

"लावनीचे दिवस सोरून," आप्पा म्हणाले.

आता वरच्या जागेवर काम सुरू झालं आहे. प्रमोद अजून अधूनमधून माझ्याकडे बघून लांब श्वास सोडतो, पण बोलतो. काठ्या आप्पांकडे राहिल्या. दर महिन्याला ते घाटावर जातात आणि पिशवी धरायला मी असतो. सवय झाली आहे.

त्या दिवशीचा फोटो मोठा करून आप्पांच्या ओटीवर लावलाय. मध्ये आप्पा आणि साहेब, बाजूला प्रमोद आणि आर्किटेक्ट, आणि मागे टोपी डोळ्यांवर आलेला, पिशवीखाली वाकलेला मी. परवा मी तिथे चहा घेत बसलो होतो, तेव्हा गावातल्या एक काकी फोटो निरखून पाहू लागल्या. "आनि यो मागं पिशवी घेतलेला कोन गो?" त्यांनी माझ्या सासूबाईंना विचारलं.

सासूबाईंच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. त्या फोटोजवळ गेल्या, नीट वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "तितलाच कुनी गडी असंल. पन बिचारा कष्टालू दिसतो हां!"

बावीस वर्षं झाली लग्नाला. सासरी माझं कौतुक झालं, ते हे पहिलंच!