पाचव्या दिवसानंतरच्या शेंगा

तिला सगळे चिमटाबाई म्हणायचे. बियाण्यांच्या त्या केंद्रात बावीस वर्षं हातात बारीक चिमटा धरून बसलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार? काम तोंडाने सांगायला सोपं होतं: कोबीच्या कळ्या उघडायच्या. करून बघायला आलेले मात्र दुसऱ्याच दिवशी हात टेकायचे.

कोबीचं झाड मोठं तऱ्हेवाईक. फूल उमललं की त्याच्या मधल्या काडीच्या टोकावर जणू पहारा बसतो. येईल त्या परागकणाची ओळख तपासायची. ही ओळख जनुकात असते, आईबापांकडून आलेली. परागकणाची ओळख झाडाशी जुळली, की त्याला तिथेच अडवलं जातं आणि बी धरत नाही. परक्याला पायघड्या, घरच्याला दार बंद! पण वाण शुद्ध राखायचा तर बी त्या झाडाच्या स्वतःच्याच परागकणांपासून हवं. त्याला पळवाट एकच. उमलायच्या दोन-तीन दिवस आधी कळीत हा पहारा अजून बसलेला नसतो. तेवढ्या वेळात चिमट्याने कळी उघडायची, त्याच झाडाच्या उमललेल्या फुलातले परागकण आत टेकवायचे, वर कागदी पिशवी चढवून तारखेची चिठ्ठी बांधायची. कळी फार लहान घेतली तर मोडते, मोठी घेतली तर मेहनत पाण्यात. बरोबर कळी कोणती, हे चिमटाबाईची नजर सांगायची.

"फुलांची लग्नं लावत बसतेस, तुझं कोण लावणार?" अक्का विचारायची. अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच शिवणयंत्र चालवून धाकटीला वाढवलं, शिकवलं. धाकटीचं लग्न काही झालं नाही. अक्का मात्र दर रविवारी फोन करून तोच प्रश्न विचारायची आणि दोघी हसायच्या.

त्या वर्षी केंद्रातल्या एका जुन्या वाणाची मुळं कुजली. सगळी झाडं गेली, एक उरलं. त्याला बहर आला, तोही जेमतेम बारा दिवसांचा.

"शंभर दाणे मिळाले तरी पुरे," डॉक्टरबाई म्हणाल्या. या डॉक्टरबाई पिकांच्या. त्यांच्याकडे तापाची गोळी मागून उपयोग नव्हता. "नाही मिळाले तर वाण संपला. आणि तुझ्याशिवाय हे कुणाला जमायचं नाही."

पाचव्या दिवशी सकाळी ती काचघरात एकटीच होती, तेव्हा फोन वाजला. अक्काचा मुलगा बोलत होता.

"मावशी, आई गेली. झोपेतच."

"बरं," ती म्हणाली.

"उद्या दुपारपर्यंत थांबतो आम्ही. तू मिळेल ती गाडी पकड."

तिने समोरच्या झाडाकडे पाहिलं. "माझ्यासाठी थांबू नका. मला इथून हलता येणार नाही."

त्याने फोन ठेवला.

केंद्रात तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डॉक्टरबाईंनी तिला हाताला धरून गाडीत बसवलं असतं, मग झाडाकडे कोण बघणार? असं तिने स्वतःला समजावलं. खरं म्हणजे तिला काही वाटतच नव्हतं. रडू येत नव्हतं. भूकही लागत नव्हती, तरी वेळ झाली की ती जेवत होती. खोलीवर जायचं, दोन भांडी घासायची, आडवं व्हायचं, सकाळी पुन्हा चिमटा. रविवारी फोन वाजला नाही, तेव्हा त्यात चार्जिंग आहे ना, तेवढं तिने पाहिलं. पुढचे दिवस हात चालत राहिले आणि बहर संपला.

महिन्याभराने ती आणि डॉक्टरबाई शेंगा तपासायला बसल्या. पहिल्या चार तारखांच्या शेंगा टपोऱ्या, बोट फिरवलं तरी आतले दाणे कळावेत अशा. पाचव्या तारखेपासून पुढच्या सगळ्या दोऱ्यासारख्या बारीक. डॉक्टरबाईंनी एक उघडली, दोन उघडल्या, दहा उघडल्या. आत काही नव्हतं.

"मोठ्या कळ्या घेतल्यास की गं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या. सगळ्याच्या सगळ्या. तू?"

चिमटाबाईने आठवून पाहिलं. त्या दिवसांतली एकही कळी तिला आठवेना.

"जाऊ दे, तोंड नको पाडूस. या चार दिवसांच्या शेंगांतच चारशेच्या वर दाणे निघतील. वाण तरला! मला तर नाचावंसं वाटतंय."

"म्हणजे चार दिवसांतच काम झालं होतं?"

"झालं होतं की."

"मग मी गेले असते तरी चाललं असतं."

"कुठे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

चिमटाबाईने हातातली पोकळ शेंग टेबलावर ठेवली.

"माझी अक्का गेली. पाचव्या दिवशी."

हे ती पहिल्यांदाच कुणाला सांगत होती. सांगून झाल्यावर तिला कळलं, की अक्का खरंच गेली.