अनोखीबाईंची पापडवाली

आईला आम्ही बाई म्हणत असू. लोक अनोखीबाई म्हणत. नंदुरबारात आमचं कापडाचं दुकान होतं, वर राहायची माडी. माडीच्या मागच्या खिडकीतून कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनाचं आवार दिसायचं. कापसाचा हंगाम संपला की जिन बंद, आणि त्या रिकाम्या आवारात भिला मास्तरांची बँडपार्टी तालमीला बसे. बाई घुंघट ओढून वावरणारी मारवाड्याची सून. गावात कुठं जाणं-येणं नाही, पण दुपारची तालीम तिनं कधी चुकवली नाही.

लग्नात लोकांना पिक्चरची गाणी लागत. मास्तरांनी स्वतः बसवलेल्या चाली कुणीच मागत नसे. त्या ते तालमीत वाजवत, नाहीतर पंगत बसली आणि सगळ्यांचं लक्ष पानावर गेलं की. बाईचा जीव नेमका त्याच चालींवर. एकदा तिनं खिडकीतूनच हाक मारली, "मास्तर, आज पापडवाली वाजाडा ना!"

मास्तर क्लॅरिनेट हातात धरून वर बघत राहिले. "पापडवाली? ती कोणती वो काकी?"

तिनं गुणगुणून दाखवली.

"ती तर आम्ही हात मोकळा कराले वाजाडतस. तिले नावच नही शे."

"आते शे. मी पापड लाटतांना ऐकी, म्हणीसन पापडवाली."

खाली ढोलवाला सुकराम हसून हसून ढोलावर आडवा झाला. पण नाव पडलं ते पडलंच. मग एकीचं नाव झालं 'उंटाची', कारण ती हेलकावे खात चालायची. एक 'रुसलेली'. तिच्यात क्लॅरिनेट मधेच थांबे. ऐकणाऱ्याला वाटे, चुकले वाटतं मास्तर. तेवढ्यात ढोल दोन हलके ठोके देई आणि क्लॅरिनेट पुन्हा बोलू लागे. बाई त्या थांबण्याच्या वेळी लाटणं अधांतरी धरून श्वास रोखायची.

सत्तावन्न साली माझं लग्न ठरलं. वडिलांच्या, म्हणजे बापूजींच्या, मनात सुरतेहून मोठा बँड आणायचा होता. बाईनं कधी नव्हे तो आवाज चढवला. "जावई तुम्ही पसंत केला, मी काही बोलले नाही. बँड मी पसंत करणार."

भिला मास्तरांना सुपारी गेली.

वरात व्याऱ्याहून सकाळच्या गाडीनं यायची होती. बाई, माझी नोजीभुवा म्हणजे बापूजींची बहीण, आणखी चार बायका ओवाळायला टांग्यांतून स्टेशनवर गेल्या. बँड लाल कोट घालून आधीच हजर. आणि निरोप आला, गाडी दुपारपर्यंत येत नाही. मी घरी हळद लावून बसलेली. पुढचं सगळं मला नोजीभुवानं सांगितलं, आणि ती सांगताना दर वेळी उठून उभी राहायची.

मास्तरांनी पिक्चरची होती नव्हती ती सगळी गाणी वाजवली. मग बाईजवळ येऊन म्हणाले, "काकी, समदं सरी गयं. आते काय वाजाडू?"

घुंघटाआडून उत्तर आलं, "आते मन्ह्या चाली वाजाडा."

पापडवाली सुरू झाली. हमालांनी ओझी खाली ठेवली. केळीचे घड पाठवायला आलेला तापीकाठचा भाईदास गुजर घडांवरच बसला आणि मान हलवू लागला. बाजाराला आलेल्या पाड्यावरच्या बायकांनी उंटाचीवर एकमेकींच्या कमरेत हात घातले आणि रांग धरून नाचायला लागल्या. बाई टाळ्या देत होती. घुंघट केव्हा खांद्यावर आला, तिला पत्ता नव्हता.

तेवढ्यात चौकशीला बापूजी आले. बायकोचं उघडं तोंड भर स्टेशनात बघून थबकले. रुसलेली चालू होती. नोजीभुवाला वाटलं, आता काही खरं नाही. पण बापूजींनी हळूच विचारलं, "ही कोणती?"

"रुसलेली."

"बरी आहे."

"बरी? अहो, थांबा जरा, खरी मजा पुढं आहे."

बापूजी थांबले. मजा आली तेव्हा त्यांच्या तोंडून मोठ्यानं "वाह!" निघालं आणि ते स्वतःच ओशाळले.

गाडी लागली ती त्याच चालीत. रिवाजाप्रमाणे मास्तर पिक्चरचं गाणं धरणार, तर बाईनं हात वर केला: आधी ही पुरी करा. अख्खी वरात फलाटावर उभी राहिली. माझे यजमान पुढं कित्येक वर्षं सांगत, "मला वाटलं, तुमच्या गावात जावयाला आधी ऐकायला लावतात, मग ओवाळतात."

त्या उन्हाळ्यात गावातली लग्नं पापडवाली मागू लागली. खिस्तीगल्लीपासून बाजारपेठेपर्यंत पोरंटोरं तीच शिटीवर. मास्तर खूश, बाईही खूश. पण दोनेक वर्षांनी मी माहेरी गेले, तर म्हणाली, "चांगली आहे गं, पण आता सगळ्यांची झाली." मग माझ्या कडेवरची लेक स्वतःच्या कडेवर घेतली आणि मला घेऊन मागच्या जिन्यानं सरळ जिनाच्या आवारात उतरली. आता तिच्यासाठी तिथं एक खुर्ची ठेवलेली असे. मास्तर लगबगीनं उठले.

"नवी शे ना?" बाईनं विचारलं.

"आजून अर्धीच बठी शे, काकी."

"अर्धी तर अर्धी. वाजाडा."