विषय क्रमांक अकरा आणि खुरसाकडची वाळू

"कंसातलं काढा," सीओसाहेब म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत हिरव्या शाईने त्यांनीच ते खोडलं.

सीओ म्हणजे नगरपरिषदेचे मुख्याधिकारी. मी त्यांच्या हाताखाली सभेचं टेबल सांभाळत होते. मालवणकडच्या किनाऱ्यावर आमची लहानशी नगरपरिषद. कोणती ते लिहीत नाही, कारण ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. सभेचं टेबल म्हणजे अजेंडा तयार करायचा, सभेच्या सात दिवस आधी नगरसेवकांना पाठवायचा, काचेच्या नोटीस बोर्डात लावायचा, आणि सभा झाली की कोण काय म्हणालं ते इतिवृत्तात लिहायचं. उभी नोकरी मी याच टेबलावर काढली. निवृत्तीला चार महिने उरले होते.

त्या दिवशी माझ्या ड्राफ्टमध्ये अकरावा विषय असा होता: 'नगरपरिषदेच्या मालकीच्या सि.स.नं. ४७ब या मोकळ्या जागेत (खुरसाजवळील वाळू) वाहनतळ विकसित करणेबाबत विचार करून निर्णय घेणे.' साहेबांनी खोडला तो कंस.

आता हा कंस काय ते सांगते. आमच्याकडे जागेला कोणी नंबराने ओळखत नाही. पाद्रीची बाव, गोरखचिंचेकडचा माळ, भंडाऱ्याचा सडा, अशी नावं. खुरीस म्हणजे क्रूस. किनाऱ्याला लागून एक जुना पांढरा खुरीस आहे, त्याच्या आजूबाजूची वाळू ती खुरसाकडची. हिंदू असो, ख्रिस्तांव असो, सगळे तेच म्हणणार. पण कागदावर ती सिटी सर्व्हे नंबर ४७ब. माझ्या आधी या टेबलावर जे भाऊ होते त्यांनी एक वही केली होती. डाव्या बाजूला नंबर, उजव्या बाजूला नाव. जाताना वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, अजेंडा लिहिताना ही उघडी ठेव, नाहीतर लोकांना आपल्याच अंगणाचा पत्ता लागायचा नाही. मी तेव्हापासून कंसात नाव लिहीत आले. कोणी विचारलं की वाचूनही दाखवायचे. बोर्डावर अजेंडा लागला की वाड्यावाड्यांतली माणसं टेबलाशी यायची, "आमचा काय आसा?" म्हणून. हा रिवाजच होता.

साहेब बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले. वाईट माणूस नव्हे. आवाज चढवायचे नाहीत, खोटं बोलायचे नाहीत. पण आदल्या सभेत एका रस्त्याच्या रुंदीकरणाचा विषय होता, मी कंसात नाव लिहिलं, आणि अर्धी वाडी निवेदन घेऊन सभागृहात येऊन बसली. निवेदन म्हणजे लेखी म्हणणं. सभेआधी ते आलं की विषय बहुधा पुढे ढकलला जातो. तसा तो गेला, आणि ते साहेबांच्या मनात राहिलं.

"मॅडम, रेकॉर्डला नंबर आहे, तोच लिहायचा," ते म्हणाले. "अजेंडा सर्वांसाठी खुला आहे. त्याचा अर्थ सांगत बसणं आपलं काम नाही."

मी म्हटलं, साहेब, त्या वाळूवर बायका मासळी वाळत घालतात. त्यांनी फाइल माझ्यासमोर सरकवली. त्यात जागेच्या पाहणीचा रिपोर्ट होता: 'जागा सद्यःस्थितीत विनावापर, गवत वाढलेले.' पाहणीची तारीख आषाढातली. पावसात मासेमारी बंद असते, ऊन नसतं, वाळूवर नुसतं गवत माजतं. आषाढात जाऊन मासळी वाळवायची खळी शोधणारा इंजिनिअर आणि मे महिन्यात भाताची लावणी बघायला जाणारा, दोघे एकाच माळेचे मणी. मी साहेबांना तसं सांगितलंसुद्धा, जरा सौम्य शब्दांत.

"वापर असल्याचा एखादा अर्ज आहे का कोणाचा?" त्यांनी विचारलं.

अर्ज कुठला असणार? तिथे आजीपणजीपासून मासळी पसरतायत. आपल्या परसात कपडे वाळत घालायला कोणी अर्ज करतं का? पण नाही म्हणावं लागलं. मग त्यांनी माझ्या निवृत्तीची फाइल त्यांच्याकडे आल्याचं सहज सांगितलं, लवकरच मार्गी लावतो म्हणाले. धमकी नव्हती ती. त्यांच्या मनातही नसेल. माझ्या मनात मात्र ती धमकीच होऊन बसली. हे मी त्यांच्यावर ढकलत नाही.

अजेंडा कंसाशिवाय बोर्डावर लागला. दुसऱ्या दिवशी कारमिनबाय आली.

कारमिनबाय सत्तरीची. खुरसाकडे मासळी वाळवणाऱ्या बायकांत सगळ्यांत जुनी. उन्हाळ्यात तिच्या टोपलीतली सुकट आमच्या अर्ध्या ऑफिसच्या घरी जाते. मला चांगला गोलमा ती वेगळा काढून ठेवायची, पैसे घ्यायला खळखळ करायची. गोलमा म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी, पावसात भाजी नसते तेव्हा आमचा जीव त्याच्यावर असतो. ती टेबलाला टेकून उभी राहिली.

"बाय, ह्या टायमाक आमचा काय आसा? वाच बघया."

मी एकेक विषय वाचत गेले. अकरावाही वाचला, जसा लिहिला होता तसा.

"गाडये लावची जागा? ती खंयसर इली?"

"नंबर लिवलेलो आसा. सत्तेचाळीस ब."

मग ती स्वतःच म्हणाली, "धक्क्याकडची असतली. थंय गाडयांनी नको केल्यानी हा. बरा झाला. आमका त्रास नाय मां?"

धक्क्याकडे पार्किंग हवं अशी गावाची ओरड कधीची होती. कोणीही तेच समजलं असतं. वही माझ्या ड्रॉवरमध्ये होती. एक शब्द पुरला असता. मी पुढचा विषय वाचायला लागले. ती बरं म्हणून गेली. जाताना टेबलावर काजूचे दोन बोंडू ठेवून गेली होती असं मला लिहायला आवडलं असतं, पण श्रावणात बोंडू नसतात. तिने काही ठेवलं नाही. नुसती विश्वासाने गेली, आणि तेच जास्त बोचतं.

त्या सात दिवसांत मी कितीदा तरी तिच्या दारावरून गेले. तिचं घर माझ्या वाटेवरच आहे. रोज ठरवायचे, आज सांगू. रोज वाटायचं, त्यांच्या वॉर्डाचा नगरसेवक सांगेलच, त्याला जागा माहीत आहे. मी त्याला गाठून विचारलंही. तो म्हणाला, "बोर्डार लावलास मां? मगे झाला." म्हणजे त्याने माझ्यावर टाकलं आणि मी त्याच्यावर. दोघांच्या भांडणात नव्हे, दोघांच्या गप्प बसण्यात तिसऱ्याचं गेलं.

सभेत अकरावा विषय चहा येईपर्यंत संपला. एकाने सूचना मांडली, दुसऱ्याने अनुमोदन दिलं. ठराव सर्वानुमते मंजूर. प्रेक्षकांच्या बाकावर कोणी नव्हतं. इतिवृत्तात मी माझ्या हाताने लिहिलं: 'याबाबत नागरिकांकडून कोणतीही हरकत अथवा निवेदन प्राप्त झालेले नाही.' वाक्यात खोटं काही नव्हतं. आयुष्यात इतकं खरं आणि इतकं हलकट वाक्य मी दुसरं लिहिलेलं नाही.

पाऊस सरला, होड्या समुद्रात गेल्या, आणि बायका पहिली मासळी पसरायला गेल्या तेव्हा तिथे जेसीबी उभा होता. सगळ्या तशाच ऑफिसात आल्या. साहेबांनी त्यांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, अजेंडा दाखवला, बोर्डाचा फोटो दाखवला, माझं इतिवृत्त दाखवलं. तुमचं म्हणणं होतं तर सभेआधी द्यायला हवं होतं, असं समजावून सांगितलं. बायकांनी तेव्हा निवेदन दिलं. ते फाइलला लागलं.

परतताना कारमिनबाय माझ्या टेबलाशी थांबली.

"तुका ठावक होता?"

"होता."

"मगे कित्याक सांगूक नाय?"

मी म्हटलं, साहेबांनी मना केलं होतं. ती बाकीच्या बायकांबरोबर बाहेर पडली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

आता खुरसाभोवती पेव्हर ब्लॉक आहेत. शनिवार-रविवार गाड्या लागतात, बाकी दिवस जागा रिकामी. बायका रस्त्याच्या कडेला ताडपत्री टाकून मासळी पसरतात. धूळ बसते, गाडीवाले हॉर्न मारतात, कुडाळच्या बाजारात गिऱ्हाईक सुकट हातात घेतं आणि परत ठेवतं. दोघीतिघींनी धंदा सोडला, आता होमस्टेच्या चादरी धुतात. कारमिनबाय अजून बसते, पण माझ्याकडे गोलमा आलेला नाही. मी मागायला गेले नाही.

माझी फाइल वेळेत मार्गी लागली. निवृत्तीआधीचा शेवटचा अजेंडा मी लावला त्या दिवशी मुद्दाम वही टेबलावर उघडी ठेवली होती. कोणी काय म्हणेल ते म्हणो, असं ठरवूनच बसले होते. कारमिनबाय आली, बरोबर आणखी दोघी. टेबलाकडे आल्या नाहीत. बोर्डासमोर उभ्या राहिल्या. कारमिनबायच्या हातात एक चिठ्ठी होती. भूमापन ऑफिसात जाऊन त्यांनी आपल्या सगळ्या जागांचे नंबर लिहून आणले होते: होड्या ओढायची जागा, पाण्याची बाव, पाणंद, घरं. एकीने काचेवर बोट ठेवून एकेक नंबर वाचायचा, कारमिनबायने चिठ्ठीत बघायचं. खूप वेळ लागला. शिपायाने खुर्ची पुढे केली, त्यांनी नको म्हटलं. संपल्यावर चिठ्ठी कमरेला खोचून निघून गेल्या. वही उघडीच राहिली.

संध्याकाळी ती माझ्या जागी आलेल्या मुलीला दिली. तिने विचारलं, मॅडम, आता सगळं ऑनलाइन आहे ना? मी हो म्हटलं, आणि तरी ठेव म्हटलं.

बोर्डावर लावलं की सगळ्यांना कळलं, असं कायदा धरून चालतो. मीही चालले. तेव्हा तुमच्या गावात अजेंडा लागला तर आपल्या जागांचे नंबर घेऊन स्वतः जा आणि स्वतः वाचा. टेबलावरच्या बाईला विचारून परतू नका. ती चांगली असेल, तुमच्या ओळखीची असेल. मीही होते.