आलापल्लीचा साग खाडीत उतरतो

मुंबईहून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीवर माझ्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. "पाणी बरंच आहे जी," एवढंच म्हणाले आणि सावलीत जाऊन बसले. गडचिरोलीत, आलापल्लीच्या जंगलात ते वनरक्षक होते. सागाची चोरी पकडण्यात हयात गेली.

किहीमला नारळांखाली जेवलो. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण. बाबांनी बोंबील उलटून पाहिला.

"याला हाडच नाही."

"म्हून तर दात नसलेलेबी खातात," वाढणाऱ्या बाई म्हणाल्या. बाबांचे दात शाबूत आहेत.

दुपारी खाडीकडे गेलो. काठावर नवी होडी उभी होती आणि भरतीची वाट पाहत माणसं थांबली होती. होडी हिराबाई कोळणीची. आधीची वादळात खडकावर फुटली. नवरा जनार्दन पोहून वाचला, पण त्यानंतर पाण्यात उतरला नव्हता. आत्ताही तो लांब उंडीच्या झाडाखाली उभा होता.

बाबांनी फळीवर बोटांनी टकटक केलं. "हा साग आमच्याकडचा."

"बल्लारशाच्या लिलावातला," होडी बांधणारे दाऊदचाचा म्हणाले. "खालचा कणा ऐनाचा, तो इथल्या घाटातला. वाकी (आतल्या फासळ्या) बाभळीच्या, देशावरच्या."

"सालाचं लाकूड नाही वापरत?"

"साल राहिला ओडिशा-छत्तीसगडात. उत्तरेतला शिसम हिमालयाच्या पायथ्याशी. इतक्या लांब कोण जातो? त्यापेक्षा मलेशियाचं लाकूड घेतात लोक. न्हावा शेव्याला उतरतं, जवळ पडतं."

बाबांनी मान हलवली. भूगोल त्यांना पटला असावा.

भरती आली. सगळ्यांनी खांदे लावले, बाबांनीही. होडी हातभर सरकली आणि अडली. बाबा मात्र सरकतच राहिले, ते थेट गुडघाभर चिखलात. झाडाखालून जनार्दन धावत आला.

"दमानं, काका. पाय वडू नका, टाच उचला."

त्याने बाबांना उपसून बाजूला ठेवलं. मग तो तिथेच होता म्हणून त्याने होडीला खांदा लावला. पुढच्या रेट्याला होडी पाण्यात गेली आणि तिच्यामागे तोही, कमरेपर्यंत.

"चढा आता," हिराबाई म्हणाली. "का वल्हं पन मीच मारू?"

तो चढला. हिराबाईने पदराने तोंड पुसलं आणि आम्हाला चहा हवा का विचारलं.

परतीच्या रो-रोवर बाबा कठड्याशी उभे राहिले. पॅन्टवरचा चिखल वाळून पांढरा झाला होता. मला वाटत होतं, झाड तुटलं की त्याची गोष्ट संपते, असंच ते मानत असतील. कशी झाली सहल, म्हणून विचारलं.

"आजवर साग घेऊन जाणारं जे दिसलं, ते मी थांबवलं," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा ढकललं."