कमलला शेवट सांगितला नाही

गच्चीवर वाळत घातलेली मोहफुलं परतत होते, तेव्हा कमलच्या सुनेचा चंद्रपूरहून फोन आला. "काकू, आई गेल्या..." मी म्हटलं, "अशी कशी गेली? तिची गोष्ट बाकी हाय!" सुनेला वाटलं असणार, काकूंचं डोकं फिरलं. महिना होत आला, पण मला अजूनही तेच वाक्य खरं वाटतं.

कमल अहेरीतल्या आमच्याच गल्लीतली. माझ्या मागोमाग सून होऊन आली, तेव्हापासूनची मैत्रीण. माझं माहेर वडशाकडचं. झाडीपट्टीची नाटकं तिकडे आधी उभी राहायची आणि मग गावोगाव फिरत आमच्याकडे पोचायची. मी माहेरी नाटक पाहून यायचे आणि कमल मागे लागायची, "शेवटी काय होते, सांग नं वं!" मी तेव्हा विशीची, अक्कल अर्धी. नाक वर करून म्हणायचे, "रसिक माणूस शेवट विचारत नाई." रसिक म्हणे! याच रसिक बाईने एकदा भर मांडवात उभं राहून खलनायकाला शिव्या घातल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी तोच भला माणूस आमच्या घरी चहाला आला तेव्हा कोठीत लपून बसली होती. पण कमलने माझा नियम मानला. जी आधी पाहील, तिने तोंड शिवून ठेवायचं. नाटकं गेली, टीव्ही आला, मोबाईल आला, नियम तसाच राहिला.

दिवाळीच्या सुट्टीत नातीने मला एक ॲनिमे दाखवलं. मी त्याला कार्टून म्हटलं तर रुसली. मालिका जपानी, पण हिंदीत बोलणारी. जंगलातला एक राक्षस माणसांच्या सावल्या खातो. ज्याची सावली गेली, त्याला घरचं कोणी ओळखू येत नाही. आईची सावली परत आणायला एक मुलगी कंदील घेऊन निघते. रक्त, कापलेली मुंडकी, सगळं आहे. कमलला मी ती पाहायला सांगितली ती निव्वळ चावटपणाने. कोंबडी कापताना पदरात तोंड लपवणारी बाई; म्हटलं, जरा किंचाळू दे. कसली किंचाळते! पहिला भाग संपला तशी म्हणाली, "काऊन थांबली? दुसरा लाव." मग रोज दुपारी भांडी आटोपून यायची, राक्षसाला ठेवणीतल्या शिव्या द्यायची आणि ताजीतवानी होऊन घरी जायची. मला मात्र धीर निघेना. तिच्या अपरोक्ष मी शेवटचे भाग पाहून टाकले, आणि वर ऐटीत तिला तसं सांगितलंही.

मग ती आजारी पडली. चंद्रपूरच्या दवाखान्यात भेटायला गेले, तर मोबाईल उशीशी उपडा पडलेला. त्यात पाहिलं की तिला गरगरायचं. माझा हात धरून म्हणाली, "तुले तं माहीत हाय. माय पोरीले ओळखते का नाई, एवढंच सांग."

"घरी चाल, मंग दोघी मिळून पाहू."

"अन् नाई आली तं?"

"तं मी एकटीच पाहीन, तुया वाटचा चहा पिऊन!"

ती हसली. मग जरा वेळाने, हळूच... "एवढं सांगितल्यानं काई होत नाई वं." मी ओठांवर बोट ठेवलं, डोळा मिचकावला आणि बस चुकेल म्हणून निघाले. शेवट राखून ठेवला तर त्याच्या ओढीने ती उठेल, असं मला वाटलं होतं... असं मी आता लोकांना सांगते. खरं म्हणजे मला मजा येत होती. माझ्यातली ती विशीतली नकचढी पोरगी खाटेशी बसली होती आणि तिच्या एक थोबाडीत द्यायला माझ्याच्याने हात उचलला गेला नाही.

हल्ली मला एक खोड लागली आहे. कोणी काही पाहताना दिसलं की मी शेवट सांगून मोकळी होते. नात फोनवर ओरडते. शेजारणी सिरियल लागली की दार लोटून घेतात, "आली पाहा शेवटवाली!" घेऊ देत. मी खिडकीतून सांगते.

तुम्हीही ती मालिका जरूर पाहा. तिचं जपानी नाव माझ्या कवळीत बसत नाही. घरातल्या पोरासोरांना कंदीलवाली म्हणून विचारा. आणि शेवट आधीच ऐकून घ्या. आई ओळखते. चेहऱ्यावरून नाही, हाकेवरून नाही. मुलगी थकते, चिडते, आईशी कडाकडा भांडायला लागते, तेव्हा कुठे आई वळून पाहते आणि विचारते, "जेवलीस का?"