दत्ताच्या मनगटाची पट्टी

माझी पोस्टिंग उत्तरेकडच्या सीमेवर खेचरांच्या तुकडीत झाली तेव्हा मी बारावी पास होतो आणि जनावराच्या अंगाला कधी हात लावलेला नव्हता. वडील मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मोंढ्यात हमाली करायचे. आमच्या घरी ओझं माणसंच वाहायची.

सैन्यात अजून खेचरं आहेत हे आता मी काम करतो त्या चाकणच्या कंपनीत सांगितलं की नवीन पोरं हसतात. "काका, आता ड्रोन असतंय," म्हणतात. ड्रोन असतं. पण रस्ता संपतो तिथून वरच्या पोस्टपर्यंत पीठ, रॉकेल, बॅटऱ्या आणि औषधं पोचवायची असतात. वारा सुटला की हेलिकॉप्टर येत नाही. खेचर जातं.

दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. पाणी, चारा, मग खरारा. खरारा म्हणजे जनावराचं अंग ब्रशने घासून साफ करणं. ते देखणं दिसावं म्हणून नव्हे. खोगिराखाली वाळलेला घाम किंवा एखादा खडा राहिला तर पाठ सोलते. पाठ सोललेलं जनावर बसून राहतं आणि त्याचं ओझं वर पोचत नाही. म्हणून आमचे सुभेदार साहेब रोज स्टेबल परेडला पांढरा रुमाल घेऊन यायचे. ते गढवालचे होते. कमी बोलायचे. रुमाल जनावराच्या पोटाखालून फिरवायचे. मळला तर खरारा पहिल्यापासून.

पहिल्या दिवशी त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली. "रस्सी मुट्ठी में. कलाई पे कभी नहीं." जनावर घसरलं तर मूठ उघडता येते. मनगटाला गुंडाळलेला दोर सुटत नाही.

बाकी सगळं मला नाईक दत्तात्रय पवारने शिकवलं.

दत्ता चाकणजवळच्या कुरुळीचा. घरची बरीचशी जमीन कंपन्यांच्या शेडखाली गेलेली, थोरला भाऊ त्यातल्याच एका कंपनीत कामाला. पण दारात शर्यतीचे बैल होते आणि एक घोडी होती. माझ्या मुलखात हे कुणाला ठाऊक नाही म्हणून सांगतो. इकडच्या बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळते. बैल तिच्यामागे घाट, म्हणजे शर्यतीची चढती धावपट्टी, चढतात. दत्ता शाळेत असल्यापासून त्या घोडीवर बसायचा.

"गाडा बैल पळवत न्हाईत," तो म्हणायचा. "घोडी पळवती."

आमच्या तुकडीतही खेचरांबरोबर एकच घोडी होती. करडी, वयस्कर. खेचरं घोडीमागे मुकाट चालतात, म्हणून ठेवलेली. दत्ताने तिचं नाव सखू ठेवलं होतं. पंजाबी पोरं तिला 'सक्कू' म्हणायची. माझ्या वाट्याला एक धिप्पाड खेचर आलं. गुळाचा खडा मिळाल्याशिवाय ते पाऊल उचलायचं नाही. दत्ताने त्याचं नाव 'ठेकेदार' पाडलं.

"आमच्या चाकणला असलेच हायेत, राव. राबणार दुसरा, गूळ यांना."

मी तेव्हा मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत होतो. दत्ता दहावी नापास. माझं पुस्तक गव्हाणीवर उघडं ठेवून तो मला प्रश्न विचारायचा आणि दोघांचे ब्रश चालू असायचे. उत्तर चुकलं की म्हणायचा, "मास्तर, सखूनं पण मान हलवली बघ." आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा मी पहिला. तो अभ्यास मी घोड्याच्या वासात केला, आणि तो करून घेणारा माणूस दत्ता होता.

त्या वर्षी हिवाळ्यात वरून परतताना दत्ताचे हातमोजे भिजले. दोन्ही हातांना हिमदंश झाला. बोटं वाचली. पण हॉस्पिटलमधून परत आला तेव्हा मूठ वळत नव्हती. थंडी वाढली की बोटं सुजायची आणि भाजल्यासारखी आग व्हायची. चहाचा मग तो दोन तळव्यांत दाबून उचलायचा. मेडिकल कॅटेगरी खाली आली. कॉन्वॉय बंद, हलकी ड्यूटी. सुभेदार साहेबांनी त्याला स्टोअरमध्ये बसायला सांगितलं. सखू दुसऱ्या ड्रायव्हरकडे, म्हणजे जनावर चालवणाऱ्या दुसऱ्या जवानाकडे, जाणार होती.

दत्ता त्यांच्यासमोर सावधान उभा राहिला.

"सर, एक मौका. खरारा करके दिखाता हूं."

"ब्रश पकड़ा जाता है तेरे से?"

"पकड़ूंगा नहीं, सर."

साहेबांनी रविवारच्या परेडपर्यंत वेळ दिला.

दत्ताने काय केलं ते नीट लिहितो, कारण आज मी तेच करतो. खोगीर दुरुस्त करणाऱ्या मोचीकडून त्याने खोगीर पोटाखालून आवळायच्या जुन्या तंगाच्या चामड्याची पट्टी शिवून घेतली. मनगटाला बांधायची, वर पितळी बक्कल, तळहाताच्या बाजूला एक कडी. ब्रशचा पट्टा त्या कडीत अडकवायचा. मग ब्रश धरावा लागत नाही, तो हाताबरोबर जातो. घासायचं बोटांनी नाही, खांद्याने. तो सखूला टेकून उभा राहायचा, कोपर ताठ ठेवायचा आणि अंगाचा भार ब्रशवर सोडायचा. खराऱ्याच्या लोखंडी फणीच्या दांड्याला त्याने घोंगडीची पट्टी गुंडाळून दांडा जाड केला, म्हणजे मूठ पूर्ण मिटावी लागत नाही. मालिश तळव्याने न करता कोपराखालच्या हाताने. टापेतला बर्फ काढायच्या आकड्याला कुदळीच्या दांड्याचा तुकडा बसवला आणि घोडीचा पाय नालबंदासारखा दोन गुडघ्यांत धरला.

सगळं एका दमात होत नसे. एक बाजू झाली की तो दोन्ही हात सखूच्या आयाळीखाली घालून उभा राहायचा. तिथे ऊब असते. सखूही हलायची नाही. मग दुसरी बाजू.

बक्कल मात्र त्याला स्वतःला सोडता येत नसे. ते काम माझं.

रविवारी साहेब आले. रुमाल पाठीवरून, पोटाखालून, मांडीच्या आतून फिरवला. उजेडाकडे धरून पाहिला. घडी घातली.

"घोड़ी तेरी. कॉन्वॉय नहीं."

"जी सर."

साहेब पुढच्या जनावराकडे गेल्यावर दत्ता समोर बघतच पुटपुटला, "मास्तर, नाक पूस. परेड चालू हाय."

हिवाळा सरता सरता पुन्हा बर्फ पडलं आणि हेलिकॉप्टर बंद झालं. वरच्या पोस्टवर रॉकेल संपत आलं होतं आणि दोघा जवानांना निमोनिया झाला होता. औषधं त्याच दिवशी वर जायला हवी होती. सकाळी कॉन्वॉय लागला. सखूचा दोर नवीन ड्रायव्हरकडे होता. ती गेटपाशी थांबली आणि मान वळवून स्टेबलकडे बघत राहिली. त्याने ओढली, चुचकारली. ती हलेना. मागची खेचरंही थांबली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं, आभाळ पाहिलं. दत्ता स्टेबलच्या दारात उभा होता.

"पवार. सिर्फ आगे चलेगा. रस्सी को हाथ नहीं लगाएगा."

"जी सर."

दत्ताने आनंद लपवला नाही. मी बक्कल सोडायला त्याच्याकडे गेलो. नुकताच खरारा झालेला, पट्टी मनगटालाच होती.

"राहू दे," तो म्हणाला. "वर पोचल्यावर तिला परत पुसायची हाय. घामेजल."

तो पुढे निघाला. सखू त्याच्यामागे, दोर सैल. खेचरं सखूमागे. सर्वांत शेवटी ठेकेदार आणि मी. पहिल्या चढावर दत्ता मागे वळून शर्यतीतल्यासारखा ओरडला, "झाली रे झाली! घाट लागला, मास्तर!" साहेबांनी त्याला गप्प राहायची खूण केली. पण तेही हसत होते.

साडेअकराला आम्ही नाल्यापाशी आलो. तिथे वाट एका जनावरापुरती असते. डावीकडे कडा, उजवीकडे उतार, उतारावर नवं बर्फ. दत्ता पार झाला. सखू पार झाली. एकेक करून खेचरं पार झाली. ठेकेदार मध्यावर आला आणि त्याच्या ओझ्याचा उजवीकडचा भाग सरकला. रॉकेलचे कॅन लटकू लागले. तो तसाच पाय रोवून थांबला. थरथरत होता.

अशा वेळी दोन माणसं लागतात. एकाने तोंडाशी उभं राहून जनावर स्थिर धरायचं, दुसऱ्याने ओझ्याची दोरी कापायची. मी ओझ्याकडे गेलो. पार झाल्यावर दत्ता खेचरांना चुचकारत पलीकडच्या टोकाशीच थांबला होता, म्हणून तोंडाकडे यायला सर्वांत जवळ तोच होता. तो आला.

"पवार, पीछे!" साहेब पलीकडून ओरडले.

"जी सर," दत्ता म्हणाला आणि ठेकेदाराचा दोर घेतला. मूठ मिटेना. ठेकेदाराने मान झटकली, दोर निसटला. त्याने तो पुन्हा उचलला आणि पट्टीच्या कडीतून ओवून दातांनी गाठ मारली.

मी ते पाहिलं. "दत्ता, पट्टी!"

"कळतंय मला. तू काप लवकर."

मी कापत होतो. ओली दोरी गोठून लोखंडासारखी झालेली. दत्ता ठेकेदाराच्या कानाशी बोलत होता. "उभा राहा, शहाण्या. गूळ देतो. मास्तरच्या खिशातला सगळा देतो." ठेकेदार खरोखर उभा राहिला. शेवटचा पेड तुटला, कॅन खाली गेले, आणि भार एकदम गेल्याने जनावर डावीकडे आदळलं. कड्याला धडकून परत आलं. मागचे पाय वाटेच्या कडेवर पडले. कड तुटली.

आवाज फार झाला नाही. दत्ताचा हात आधी गेला, मग तो.

साहेबांनी रेडिओ उचलला.

"बेस, बेस, कॉन्वॉय. एक जवान, एक जानवर नीचे. ओवर."

"कॉन्वॉय, बेस. नाम बताओ. ओवर."

साहेबांनी बटण दाबलं. रेडिओवर नुसता वारा जात राहिला. मग त्यांनी नाव सांगितलं.

औषधं वर पोचली. सखू एकटी पुढे चालली, खेचरं तिच्यामागे गेली. ते दोघे जवान जगले. त्यांतल्या एकाचा दिवाळीला मला अजून फोन येतो.

दत्ता दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. दोर गाठीसकट कडीत होता. एकाने चाकू काढला. साहेबांनी त्याला थांबवलं, गुडघ्यावर बसले आणि उघड्या हातांनी गाठ सोडली, मग बक्कल. त्याला वेळ लागला. पट्टी त्यांनी माझ्याकडे दिली. "घर तक तू जाएगा."

कुरुळीला गाडी पोचली तेव्हा कंपन्यांच्या शिफ्टच्या बसेस रस्त्याच्या कडेला थांबल्या होत्या आणि युनिफॉर्ममधले कामगार खाली उतरून उभे होते. तेराव्यानंतर दत्ताच्या आईंनी मला ओसरीवर बसवलं.

"दोर सोडला का न्हाई त्यानं? लहानपणापास्नं घोडी धरतोय. त्याला म्हाईत न्हाई व्हय?"

मी पट्टी त्यांच्यासमोर ठेवली आणि जसं घडलं तसं सांगितलं. मूठ मिटत नव्हती, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. फोनवर तो हात बरे आहेत म्हणायचा. त्यांनी पट्टी उलटीपालटी करून बघितली. कडीतून बोट घातलं.

"ह्यानंच खरारा करायचा?"

"हो, आई. साहेबांचा रुमाल पांढरा निघायचा."

"आन् घोडी?"

"सखू सुखरूप आहे."

त्या उठून आत गेल्या. संध्याकाळपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

नोकरीची वर्षं भरल्यावर मी याच भागात आलो. पदवी होती म्हणून चाकणला एका कंपनीत सेफ्टी सुपरवायझरचं काम मिळालं. खोली कुरुळीत घेतली. तिसरं वर्ष लागलं आणि माझे हात गेले. संधिवात. सकाळी उठल्यावर बोटं फळीसारखी असतात, ब्रश दिला तर पडतो. डॉक्टर म्हणाले, हातांना आराम द्या.

पवारांच्या दारात मैना नावाची घोडी आहे. दत्ताचा भाऊ फर्स्ट शिफ्टला जातो, त्याला सकाळी वेळ नसतो. मैनाचा खरारा मी करतो. आधी कोमट पाण्यात हात धरतो. मग दत्ताच्या आई आतून पट्टी आणतात. पहिल्या वेळी मी ती मागितली तेव्हा त्या बराच वेळ माझ्या बोटांकडे बघत होत्या. "तुझं बी तसंच झालं व्हय रं," एवढंच म्हणाल्या. पट्टी दिली, पण एक अट घातली. खरारा होईपर्यंत घोडी खुंट्याला. तिचा दोर पट्टीच्या जवळपास आणायचा नाही.

मी मैनाला टेकतो, कोपर ताठ ठेवतो, भार सोडतो. एक बाजू झाली की हात आयाळीखाली. आई पायरीवर बसून असतात. सुनेने चहाला हाक मारली तरी उठत नाहीत.

यात्रेला घाटात पवारांचा गाडा नाईक दत्तात्रयच्या नावाने सुटतो. माईकवर नाव पुकारतात, पुढे मैना पळते, मागून बैल. गाड्याची बारी काही सेकंदांत संपते. आई घाटात येत नाहीत. माईकचा आवाज घरापर्यंत जातो, तेवढा ऐकतात.

खरारा संपला की मैनाला पाण्यावर न्यायचं असतं. बक्कल मला एका हाताने निघत नाही. मी मनगट पुढे करतो. आईंचीही नजर आता कमी झाली आहे, त्या चाचपडत बक्कल शोधतात. मी घाई करत नाही. पट्टी निघते. ती त्या पदरात ठेवतात, माझं रिकामं मनगट चारी बाजूंनी चाचपून बघतात, आणि मग खुंट्याचा दोर स्वतः सोडून माझ्या अर्ध्या मिटलेल्या मुठीत देतात.

"घे आता," म्हणतात. "आन् ओढली तर सोडून दे, लेका. घोडी येती परत."