टेबलाच्या टोकाचा लोटा

"पूनम, लोटा काहून नाही काढला?"

"कोणता लोटा, मॅडम?"

नागपूरच्या एका कला महाविद्यालयात मी ड्रॉइंग शिकवते. त्या दिवशी दुसऱ्या वर्षाचा स्टिल लाइफचा तास होता. म्हणजे टेबलावर वस्तू मांडायच्या आणि समोर बसून जशा दिसतात तशा रंगवायच्या. पूनम अगदी पुढे बसली होती. मधली सुरई, तिच्यामागचं कापड, सगळं नेटकं उतरलं होतं. टेबलाच्या टोकाचा पितळी लोटा मात्र चित्रात नव्हता.

तिने मान वळवली. "हो की. आता दिसला." ती हसली.

मला हसू आलं नाही. गेले काही दिवस ती चित्रं ठेवायच्या ईझलना धडकत होती आणि वर्गातली पोरं तिला चिडवत होती. मी पेन्सिल तिच्या नाकासमोर धरली. "समोरच पाहा. दिसेनाशी झाली की सांग." पेन्सिल बाजूला सरकवली. जेमतेम वीतभर.

"गेली," ती म्हणाली.

दुसऱ्या बाजूलाही तेच.

तिच्या बाबांचं महाल भागात बांगड्यांचं दुकान आहे. फोनवर ते म्हणाले, "चष्मा लागला असंल. दिवसभर मोबाइल पाहून राहते." मी म्हटलं, तरी दाखवू या. आम्ही तिघं डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो.

तिथे फील्ड टेस्ट झाली. मशीनला हनुवटी टेकवून समोर पाहायचं, आजूबाजूला दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. आधी बटणाचा आवाज आला. मग बराच वेळ आलाच नाही.

"दाब ना वं, पूनम," बाबा म्हणाले.

"दिसल्यावरच दाबाचं आहे, बाबा."

डॉक्टरांनी सावकाश सांगितलं. आजार डोळ्याच्या पडद्याचा. नजर कडेपासून कमी होत जाणार. थांबवायला औषध नाही, ऑपरेशनही नाही. बाबांनी तेच पुन्हा वेगळ्या शब्दांत विचारलं. पूनम जमिनीकडे बघत होती.

आमचे विभागप्रमुख म्हणाले, "तिला घरी आराम करू द्या."

पूनम माझ्याकडे आली. "मॅडम, मले शिकू द्या. समोरचं अजून दिसून राहिलं."

मी तिची जागा मागच्या भिंतीपाशी हलवली. लांबून बघितलं की उरलेल्या नजरेत जास्त मावतं. तिथून तिने वर्ष काढलं, पासही झाली. तिसऱ्या वर्षी मात्र भिंतीला टेकूनही टेबल मावेना. दिवाळीनंतर ती आली नाही.

तिची चित्रं न्यायला बाबा आले. मी गुंडाळी बांधून दिली.

"मॅडम, हात चांगला होता ना तिचा?"

"फार चांगला."

"मंग डोळ्याईलेच काहून..." गुंडाळी स्कूटरवर पायाशी आडवी ठेवून ते गेले.

नव्या वर्गाला आम्ही पहिल्या दिवशी सांगतो, आधी बघायला शिका. मी ते सांगणं बंद केलंय. आधी दिसतं का, ते विचारते.